मुलीच्या पीएच.डी.साठी गाइड निवडताना सायटेशनचे आकडे कसे वाचावेत?

रंगमास्तर

सर्वांना नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. एकतीस वर्षे सुताच्या रंगाईत काम केले, त्यातली पहिली निम्मी उघड्या हौदावर लडी फिरवण्यात आणि उरलेली बंद यंत्रांवर गेली. माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून विद्यापीठाची पेट ही पीएच.डी. प्रवेश परीक्षाही उत्तीर्ण झाली आहे. तिला उत्प्रेरक (रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ) आणि नवे पदार्थ या विषयात पीएच.डी. करायची आहे. दोन गाइड तिला घेण्यास तयार आहेत. पहिल्या सरांचे दीडशेच्या वर पेपर आहेत आणि एच-इंडेक्स ३८ आहे. दुसऱ्या मॅडमचे पेपर तीसच्या आसपास आणि एच-इंडेक्स १४ आहे, पण त्यांच्या एका पेपरला बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले संदर्भ, आहेत. मुलीने संगणकावर हे आकडे मला दाखवले आणि विचारले, "अप्पा, तुम्हाला काय वाटते?" मला उत्तर देता आले नाही. आकडा मोठा म्हणजे काम मोठे, असे धरून चालावे का? दोघेही सज्जन आहेत, त्यामुळे मी कोणाचे नाव घेणार नाही आणि कृपया कोणी अंदाजही करू नये.

सात_रस्ता

रंगमास्तर, नमस्कार. आधी एच-इंडेक्स म्हणजे काय ते नीट मांडतो, कारण पुष्कळदा प्राध्यापकही तो सरासरीसारखा वापरतात. कॅलिफोर्नियातील जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हा आकडा सुचवला. एखाद्याचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचे. ज्या क्रमांकापर्यंत प्रत्येक पेपरला निदान तितकी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. म्हणजे पहिल्या सरांच्या ३८ पेपरांना प्रत्येकी ३८ किंवा त्याहून अधिक वेळा कोणी ना कोणी संदर्भ म्हणून घेतले आहे.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. ज्याचे एकूण पेपरच तीस आहेत, त्याचा एच-इंडेक्स तीसच्या वर जाणे शक्यच नाही, मग त्यातला एक पेपर दहा हजार वेळा उद्धृत झालेला का असेना. मॅडमचा तो एक गाजलेला पेपर या आकड्यात फक्त 'एक' म्हणून मोजला जातो. दुसरे असे की हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधीही खाली येत नाही. संशोधन थांबवले तरी जुन्या पेपरांची सायटेशन वाढत राहतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की दोघांनी संशोधन केव्हा सुरू केले. पंचवीस वर्षांचे ३८ आणि नऊ वर्षांचे १४ यांत फार मोठे अंतर नाही.

हिप्परगा

सात_रस्ता यांनी मांडलेले बरोबर आहे. मी स्वतः अध्यापनात असल्याने थोडी भर घालतो, आणि ती जरा लांबेल.

कोणी कोणाचा संदर्भ दिला हे मोजण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. मूळ हेतू माणसांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या जुन्या पेपरपासून पुढे विचार कुठे कुठे गेला, तो पुढे कोणी दुरुस्त केला, कोणी खोडला, हे शोधता यावे, एवढाच होता. इम्पॅक्ट फॅक्टरही नियतकालिकाचा असतो. मागच्या दोन वर्षांत त्यात छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, असा तो हिशोब आहे. तो संशोधकाच्या नावापुढे लावणे म्हणजे पेठेचे भाडे पाहून दुकानातल्या मालाचा दर्जा ठरवण्यासारखे आहे.

आता रसायनशास्त्राकडे येतो. सायटेशन का मिळतात याची कारणे वेगवेगळी असतात. सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा आहे. द्रावणातले प्रथिन मोजण्याची एक साधी रीत त्यात सांगितली आहे आणि त्याला तीन लाखांच्या वर सायटेशन आहेत. डीएनएच्या रचनेचा १९५३ चा पेपर मात्र 'नेचर'ने २०१४ मध्ये छापलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत नव्हता. याचा अर्थ पहिला थोर आणि दुसरा लहान असा होत नाही. रीत वापरणारा प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो, आणि जे ज्ञान पाठ्यपुस्तकात मुरले त्याचा संदर्भ देणे लोक सोडून देतात. आमच्या विषयात पृष्ठफळ मोजण्याची ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांची १९३८ ची रीत तशीच आहे. घन उत्प्रेरकावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर त्या रीतीशिवाय पुढे सरकत नाही.

काही वेळा तर पेपर नुसताच पडून राहतो. ग्रॅफाइटपासून ग्रॅफाइट ऑक्साइड बनवण्याची हमर्स आणि ऑफमन यांची रीत १९५८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात जेमतेम पानभरात आली. २००४ मध्ये ग्रॅफिन, म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ थर, वेगळा करून त्याचे गुणधर्म मोजले गेले आणि मग साऱ्या जगाला त्या पानाची गरज पडली. हमर्स यांच्या उमेदीच्या काळात कोणी त्यांचे आकडे पाहून त्यांना जोखले असते तर काय हाती लागले असते, याचा विचार करावा.

म्हणून मॅडमचा तो एक पेपर कसला आहे हे आधी पाहा. रीत आहे, आढावा आहे, की नवा पदार्थ आहे? आढावा लेखांना मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात. शिवाय हे आकडे कुठून घेतले तेही पाहा, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि परिषदांचे लेखही मोजते. त्यामुळे त्याचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या संदर्भसूचीपेक्षा बहुधा वरच असतो.

विजापूर_वेस

हिप्परगा सरांचा आदर राखून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण आकड्यांवर टीका करणे ही मोठ्या संस्थांमधल्या लोकांना परवडणारी गोष्ट आहे.

मी जिल्ह्यातल्या एका छोट्या महाविद्यालयात शिकवत असताना संशोधन केले. आमच्याकडे एक्स-रे डिफ्रॅक्शनचे यंत्र नव्हते. नमुने छोट्या कुप्यांत भरून, कापसात गुंडाळून, एस.टी.ने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नेत असे आणि पुन्हा आठवडाभराने निकाल आणायला जात असे. परिषदेत ओळख करून देताना महाविद्यालयाचे नाव सांगितले की समोरच्याची नजर दुसरीकडे वळायची. अशा वेळी, ज्याने मला कधी पाहिले नाही, ज्याला सोलापूर नकाशात कुठे आहे हे ठाऊक नाही, अशा एका परदेशी संशोधकाने माझी रीत वापरली आणि खाली माझा संदर्भ दिला. त्या दिवशी मी ते पान छापून घरी नेले. तो आकडा तेव्हा 'एक' होता. माझ्यासाठी तो ओळखपाळख नसलेल्या माणसाने दिलेला दाखला होता.

आपल्याच भागाचे एक उदाहरण देतो. पठाण आणि लोखंडे यांनी सिलार पद्धतीने धातूंच्या चाल्कोजेनाइडचे (गंधक, सेलेनियम अशांबरोबरच्या संयुगांचे) पातळ थर कसे चढवावेत यावर २००४ मध्ये बंगळुरूच्या 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये आढावा लिहिला. हे नियतकालिक इम्पॅक्ट फॅक्टरच्या शर्यतीत पुढचे नाही आणि ती रीतही महागड्या यंत्रांची नाही. काचेची पट्टी एका चंचुपात्रात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि असे कितीदा तरी करायचे. कमी पैशांत चांगले काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आढावा उचलला आणि आज तो फार मोठ्या प्रमाणावर उद्धृत होतो. सायटेशन मोजली जात नसती तर नियतकालिकाचे नाव पाहूनच लोक पुढे गेले असते. आकडे काढून टाकले तर त्या जागी गुणवत्ता येत नाही, वशिला येतो.

नवी_पेठ

दरवर्षी वर्तमानपत्रांत "जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत सोलापूरचे अमुक" अशी बातमी येते. ती यादी कशी बनते, हे कोणी सांगेल का? रंगमास्तर यांच्या प्रश्नाला तिचा उपयोग आहे का?

सात_रस्ता

@नवी_पेठ, ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन केलेला हिशोब, एकमेव किंवा पहिला वा शेवटचा लेखक म्हणून असलेल्या पेपरांची सायटेशन, असे सहा घटक मिळून एक गुणांक काढतात. यादी दोन प्रकारची असते, एक पूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी एकाच वर्षाची. बातमीत बहुतेक वेळा हा फरक सांगितलेला नसतो. तिचा खरा उपयोग असा की स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून किती उरतात, हेही तिथे वेगळे दिलेले असते. रंगमास्तर, तुमच्या मुलीला तो रकाना पाहायला सांगा. आपल्या आधीच्या कामाचा संदर्भ देणे गैर नाही, विषय सलग असेल तर ते आवश्यकच असते, पण प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके असेल तर कारण विचारावे.

होटगीकर

मी रासायनिक कारखान्यात उत्पादन विभागात आहे. धागा वाचताना मला सारखे वाटत होते की उत्प्रेरकाबद्दल कोणीच बोलत नाही, सगळे सायटेशनबद्दलच बोलत आहेत.

उत्प्रेरक हा शब्द बर्झेलियस यांनी १८३५ च्या सुमारास वापरात आणला, आणि त्याचे मोल माणसाने जेवणाच्या ताटात ओळखले. वनस्पती तूप निकेलवर बनते, त्यामागची हायड्रोजन जोडण्याची विद्या पॉल साबातिए यांची, ज्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. शेतातला युरिया ज्या अमोनियापासून येतो, तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर बनतो. हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम वापरून प्रयोग दाखवला. पण ऑस्मियम जगातच मूठभर होते, म्हणून बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे एकामागून एक तपासली आणि अॅल्युमिना व पोटॅश मिसळलेल्या लोखंडावर येऊन थांबले. १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. हाबर आणि बॉश यांना नोबेल मिळाले. मिटाश यांचे नाव किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? निम्म्या मानवजातीचे अन्न ज्या चुऱ्यावर उभे आहे, तो त्यांनी शोधला.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी एनसिलाइट नावाचे झिओलाइट (अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या खनिजासारखे) उत्प्रेरक विकसित केले. १९८० च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत झायलीनच्या प्रक्रियेसाठी ते बसले. परदेशी उत्प्रेरकाच्या जागी देशी उत्प्रेरक चालू कारखान्यात घालणे म्हणजे काय धाडस आहे, हे ज्याने भट्टीसमोर रात्र काढली आहे त्यालाच कळेल. अशा कामाचा पुष्कळसा भाग पेटंटमध्ये आणि कारखान्याच्या वह्यांत राहतो. त्याला सायटेशन मिळत नाहीत.

कारखान्यात उत्प्रेरकाला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. किती महिने टिकतो? कच्च्या मालात गंधक आले तर मरतो का? गाळणीत चुरा होतो का? पुन्हा जाळून जिवंत करता येतो का? आमच्याकडे मिथेनॉल आणि अमोनियापासून अमाइन बनते तेव्हा एक, दोन आणि तीन मिथाइल गट असलेली तिन्ही अमाइन एकत्र निघतात. बाजारात मागणी असते ती मुख्यतः दोनवाल्याला. उत्प्रेरकाने वेग किती वाढवला, यापेक्षा त्याने हवे ते किती निवडले, यावर आमचा महिना ठरतो. पेपरात मात्र पहिल्या ओळीत वेग असतो. म्हणून माझे मत असे की दोन्ही गाइडांच्या पेपरांत उत्प्रेरक किती वेळा पुन्हा वापरून पाहिला आणि पाचव्या वेळेचा आकडा छापला आहे की नाही, हे पाहावे.

काचपात्र

होटगीकर यांनी माझ्या मनातले लिहिले. मी पीएच.डी. पूर्ण करून आता एका कंपनीत आहे. रंगमास्तर काका, तुमच्या मुलीसाठी मोठ्या ताईच्या नात्याने लिहीत आहे.

उत्प्रेरकाच्या कामात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे काम नक्की कोण करत आहे, हे ओळखणे. सुझुकी जोडणी ही पॅलेडियमवर चालणारी प्रसिद्ध अभिक्रिया आहे, तिच्यासाठी २०१० चे नोबेल दिले गेले. २००३ मध्ये लेडबीटर आणि मार्को यांनी लिहिले की ही जोडणी धातूशिवायही होते. खळबळ उडाली, आणि अशा खळबळीला सायटेशन मिळतातच. नंतर लेडबीटर यांनीच सखोल तपास केला आणि २००५ मध्ये प्रामाणिकपणे छापले की बाटलीतल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जांशात पन्नास भाग इतके पॅलेडियम अशुद्धी म्हणून होते आणि तेवढेच पुरेसे ठरले होते. काका, सोडियम कार्बोनेट म्हणजे तुमचा सोडा अॅश! २०२१ मध्ये पुन्हा तसेच घडले. अमाइन हेच उत्प्रेरक आहे असे सांगणारा एक पेपर 'नेचर कॅटॅलिसिस'मध्ये आला आणि पॅलेडियमची अशुद्धी सापडल्यावर त्याच वर्षी मागे घेतला गेला. द्रावण ढवळणाऱ्या चुंबकी कांड्यांच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगाचा धातू अडकून राहतो आणि पुढच्या प्रयोगात तोच काम करतो, हेही रशियातील अनानिकोव यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले.

हे वाचल्यानंतर आम्ही एक रविवार फक्त कांड्या तपासण्यात घालवला. पांढऱ्या टेफ्लॉनवर राखाडी डाग असलेल्या सगळ्या कांड्या बाजूला काढल्या, त्या अकरा निघाल्या. नव्या कांडीने माझा सर्वांत चांगला निकाल पुन्हा करून पाहिला. तो निम्म्यावर आला. मी ते प्रबंधात लिहिले. त्या प्रकरणाला आजवर एकही सायटेशन नाही आणि माझ्या हातून झालेले तेच सर्वांत चांगले काम आहे, असे मी मानते.

म्हणून गाइडला भेटल्यावर विचारावे: उत्प्रेरक गाळून काढल्यावर गरम द्रावणात अभिक्रिया थांबते का, हे पाहिले आहे का? उत्प्रेरक न घालता केलेला प्रयोग कुठे आहे? दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच प्रयोग पुन्हा केला आहे का?

केगावची_वाट

एक व्यावहारिक गोष्ट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट आता नाही, आणि एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. सरांकडे सध्या किती जण आहेत ते विचारा. सहावा, सातवा विद्यार्थी असल्यास रोजचे मार्गदर्शन वरिष्ठ विद्यार्थ्यांकडूनच मिळते.

काचपात्र

केगावची_वाट यांच्या मुद्द्याला जोडून एक कटू अनुभव सांगणे भाग आहे. मी जिथे सुरुवात केली त्या ठिकाणी आम्हाला प्रत्येक पेपरात गटाचे आधीचे ठरावीक बारा संदर्भ घालावे लागत, विषयाशी नाते असो वा नसो. एकदा पैसे भरून दोन आठवड्यांत छापणाऱ्या नियतकालिकात माझे काम दिले गेले, मला न विचारता. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, त्यात ते होते. माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीचा तो पेपर आज मी कोणाला दाखवत नाही. मी गाइड बदलला, एक वर्ष गेले. आकडा फुगवता येतो, आणि फुगवताना हात विद्यार्थ्यांचे वापरले जातात, एवढेच मला सांगायचे आहे. विजापूर_वेस सर, तुमचा 'एक' खरा होता, म्हणूनच हे खोटे बारा मला अधिक टोचतात.

विजापूर_वेस

काचपात्र मॅडम, तुमच्यावर झालेला अन्याय मी मान्य करतो आणि असे घडते हे मला ठाऊक आहे. तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला तोलू नका, मूळ काम वाचा, असे सांगितले आहे, आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे हे जाणकारांच्या निर्णयाला आधार म्हणून वापरावेत असे म्हटले आहे. आकडे फेकून द्या, असे दोन्हींत नाही. प्रश्न असा की आपल्याकडे मूळ काम वाचणारी निवड समिती किती ठिकाणी बसते? ती बसेपर्यंत लहान गावच्या मुलामुलींच्या हातातला हा एवढा कागद काढून घेऊ नका.

हिप्परगा

दोघांचेही म्हणणे मला पटते आणि ते एकमेकांना छेदत नाही. वाचणारा माणूस असेल तर आकडा त्याला कुठे वाचायचे ते दाखवतो, आणि वाचणारा नसेल तर आकडाच निकाल होऊन बसतो. मूळ प्रश्नाकडे परत यायचे तर, रंगमास्तर, दोघांचे मिळून चार पेपर मुलीला वाचायला सांगा आणि त्यावर तुम्हाला समजेल अशा भाषेत तिने तुम्हाला सांगावे.

रंगमास्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. हिप्परगा सरांनी सांगितले तसे आम्ही गेले आठ दिवस रात्री जेवणानंतर बसलो. मॅडमचा तो गाजलेला पेपर म्हणजे झिओलाइटवरचा आढावा निघाला. तो चांगला आहे, मुलीला त्यातून पुष्कळ समजले. सरांचे बरेच पेपर टायटेनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडवर उजेड टाकून रंगाचे पाणी स्वच्छ करण्याचे आहेत. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटेनियम डायऑक्साइडवर उजेड टाकून पाण्याचे विघटन केले, तिथून हा सगळा प्रवाह सुरू झाला, असे तिने सांगितले.

इथे मी तिला थांबवले. प्रत्येक पेपरात रंग एकच होता, मेथिलीन ब्लू. एकतीस वर्षांत मी सुतावर मेथिलीन ब्लू कधी चढवला नाही. तो सुतावर टिकत नाही. आमच्या हौदात रिअॅक्टिव्ह रंग असतो, त्याबरोबर भरपूर मीठ असते, रंग पक्का करायला सोडा अॅश असतो आणि शेवटी साबणाचे पाणी असते. लॅबमध्ये शेड जुळली म्हणून हौदात जुळतेच असे नाही, हे रंगाईतला पोरसुद्धा जाणतो.

दुसरी शंका त्याहून मोठी. व्हॅट रंगात हायड्रोस घातले की रंग जातो. निळीचा हौद हिरवट पिवळा होतो. नवीन माणसाला वाटते की निळ संपली. लड बाहेर काढून हवेत झटकली की डोळ्यांदेखत पुन्हा निळी होते. रंग दिसेनासा झाला म्हणजे रंगाचे द्रव्य गेले, असे होत नाही. मग पेपरात जे पाणी पारदर्शक झाले, त्यातून रंग गेला की तो फक्त दडला?

हिप्परगा

रंगमास्तर, तुम्ही विचारलेला प्रश्न परीक्षकाने विचारावा असा आहे. मेथिलीन ब्लूलाही इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. शिवाय उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर तो नुसता चिकटला तरी पाणी स्वच्छ दिसते, म्हणून उजेड देण्याआधी अंधारात अर्धा तास ढवळून शोषण वेगळे मोजावे लागते. मेथिलीन ब्लू स्वतः उजेड शोषत असल्याने उत्प्रेरकाचे श्रेय कोणते आणि रंगाचे कोणते, हेही गुंतते. वर्णपटमापीवर ६६४ नॅनोमीटरचे शिखर खाली गेले म्हणजे रंग गेला, एवढेच सिद्ध होते. रेणू मोडून कार्बन डायऑक्साइड झाला का, हे पाहण्यासाठी पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. हे मोजमाप किती पेपरांत आहे, ते मुलीला पाहायला सांगा.

होटगीकर

रंगमास्तर, हाच प्रश्न दोन्ही गाइडांना जसाच्या तसा विचारा.

रंगमास्तर

विचारला. गुरुवारी मॅडमकडे आणि शनिवारी सरांकडे मुलीबरोबर गेलो होतो.

मॅडमनी स्पष्ट सांगितले की रंगाचे पाणी हा त्यांचा विषय नाही. झिओलाइटवर काम करायचे असेल तर त्या आनंदाने शिकवतील. त्यांचा सरळपणा मला आवडला. सरांना विचारताना मला संकोच वाटत होता, कारण प्रश्न त्यांच्याच पेपरांवर होता. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग उठून कपाटातून एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध काढला आणि त्यातले एक पान मुलीसमोर ठेवले. त्या पानावर दोन रेषा होत्या. रंगाची रेषा तासाभरात जवळजवळ तळाला गेली होती. सेंद्रिय कार्बनची रेषा निम्म्याहून वरच थांबली होती. सर म्हणाले, "हे पान आम्ही पेपरात छापले नाही. छापायला हवे होते. तुझे काम इथून सुरू होऊ दे." त्यांनी मला बसवून घेतले आणि हौदात मीठ किती, सोडा किती, किती तापमानाला, हे वहीत उतरवून घेतले. मिठातले क्लोराइड उत्प्रेरकाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे आमचे खरे पाणी त्यांना हवे आहे.

मुलीने सरांकडे प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. वाटेत ती म्हणाली की ३८ हा आकडा तिला आता आठवतही नव्हता.

एक शेवटची मदत हवी आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या डायहाऊसमधून सोमवारी पाणी आणायचे आहे. प्लास्टिकचा कॅन चालेल का?

काचपात्र

नको काका. गडद रंगाची काचेची बाटली घ्या, त्याच पाण्याने दोनदा विसळा आणि हवा राहणार नाही अशी काठोकाठ भरा. बाटलीवर तारीख, वेळ, रंगाचे नाव आणि हौदातून काढतानाचे तापमान लिहा. पीएच तिथेच मोजा. नंतर बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. तिथे ४ अंशांवर ठेवायला सांगा. आणि ज्या हौदात अजून रंग घातलेला नाही, त्यातले साधे मीठ-सोड्याचे पाणीही एका वेगळ्या बाटलीत आणा. तुलनेसाठी ते पहिल्याच दिवशी लागेल.